हेक्समामा

नेटवर्कवरची पाकिटं पकडून दाखवणारा वायरशार्क हा प्रोग्रॅम जुन्या मांडणीत उघडला की पडद्याचे तीन भाग दिसतात. वर पकडलेल्या पाकिटांची रंगीत यादी, मधे निवडलेल्या पाकिटाचा उलगडा, आणि अगदी तळाला जोडीजोडीनं बसलेले हेक्सचे अंक नि अक्षरं: ४५ ००, सी० ए८, ०१ बीबी. व्यवहारी माणसं वरचे दोन भाग वाचून घरी जातात. हेक्समामा फक्त तळ वाचतात.

नांदेडला असा एक मामा असतोच, लातूरलाही असतो, आणि दोघांचं एकमेकांबद्दल फारसं बरं मत नसतं. आमचे मामा नांदेडचे. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकले, एका ब्रॉडबँडवाल्याकडं नोकरीला लागले आणि तिथंच मुरले. वय कुणी विचारत नाही. वायरशार्कला ते अजून 'इथिरियल' म्हणतात, त्यावरून काय ते समजायचं. जेराल्ड कोम्ब्स या अमेरिकन माणसानं १९९८ मध्ये इथिरियल लोकांसमोर आणलं. २००६ मध्ये त्यानं नोकरी बदलली, नाव जुन्या मालकाकडं राहिलं आणि प्रोग्रॅम वायरशार्क म्हणून पुढं निघाला. मामांना हे नामांतर मान्य नाही. "नाव बदललं म्हणून बाइट बदलूलालेत का?"

पाकीट कुठून आलं, कुठं निघालं, हे मधल्या भागात सरळ लिहिलेलं असतं. मामा ते वाचतात आणि म्हणतात, "हे त्याचं मत झालं." मग पाकिटावर उजवी टिचकी मारून कच्चं हेक्स उचलतात, कोऱ्या फाइलीत ओततात आणि पडद्याला बोट लावून मोजायला बसतात. पहिले ६ बाइट ज्याच्याकडं जायचं त्याचे, पुढचे ६ पाठवणाऱ्याचे, २ प्रकाराचे. पंधराव्या जागी ४५ दिसलं की चेहरा खुलतो. आयपी सुरू! सी० ए८ ०१ ०१ म्हणजे १९२.१६८.१.१, हे त्यांना बायकोच्या मोबाइल नंबराआधी आठवतं. (बायकोचा नंबर त्यांना आठवत नाही, हे बायकोनंच सांगितलं.) पाकिटं हजारभर असली तर बोटाचं काम वायरशार्कच्या कमांड-लाइनवाल्या भावाकडं, टीशार्ककडं जातं, तरी त्यातली चार-दोन मामा हातानं मोजून बघतातच. यंत्रावर इतका विश्वास बरा नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

या वेडाचा उपयोग होतो, हे मान्य करावं लागेल. लातूरच्या एका डाळमिलमधला नवा काटा नेटवर्कवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला वजन पाठवायचा. एक क्विंटल तूर ठेवली की कॉम्प्युटरवर २५६ क्विंटल. तूर आणणारा खूश, मालक गार. काटेवाला म्हणे सॉफ्टवेअरवाल्याची चूक, सॉफ्टवेअरवाला म्हणे नेटवाल्याची, आणि नेटवाला म्हणजे मामांचा मालक. म्हणून मामांची रवानगी झाली. त्यांनी लॅपटॉप जोडला, पाकिटं पकडली, डावीकडचे क्रमांक आणि उजवीकडचे ठिपके खुडून निव्वळ हेक्स काढलं.

"पहिले ५४ बाइट टरफल," मामा मुनीमजींना म्हणाले. "१४ इथरनेटचे, २० आयपीचे, २० टीसीपीचे. दाणा त्याच्या म्होरं." मुनीमजी तुरीतले, त्यांना चटकन पटलं. दाण्यात निघालं ०० ६४. सोळाच्या हिशेबात हे शंभर, म्हणजे १०० किलो, बरोबर एक क्विंटल. काटा मोठा बाइट आधी पाठवत होता, प्रोग्रॅम धाकटा आधी धरून वाचत होता. उलटं वाचलेलं ६४ ०० म्हणजे २५,६०० किलो. दुरुस्ती एका ओळीची निघाली. मालकानं पाच किलो तूरडाळ बांधून दिली. मामांनी ती बाहेर एका किराणा दुकानात पुन्हा मोजून घेतली.

गल्लीत मात्र त्यांची कीर्ती भलतीच आहे. मामांना हवेतलं सगळं वाचता येतं, असा लोकांचा समज. "पोरगं रातभर मोबाइलवर काय बगूलालंय, तेवढं काढा की मामा," म्हणत एक बाप घरी आला. परक्याच्या तारेला हात लावत नसतो, असं मामांनी बजावलं. तरी तो हलेना, तेव्हा स्वतःच्याच घरची पाकिटं उघडून दाखवली. "हे बगा, १७ ०३ ०३. हितून म्होरं कुलूप. मोबाइल नि पलीकडचा सर्व्हर सोडला तर कुणाच्या बापाला वाचता येत नाही." त्या माणसानं पानभर हेक्सकडं टक लावून पाहिलं आणि खोल आवाजात विचारलं, "इतकं वाईट हाय का?" पोराचा मोबाइल त्याच रात्री कपाटात गेला.

मामांचा खरा पराक्रम मी लातूरच्या एसटीत पाहिला. लोहा मागं पडलं आणि गाडीत आयुक्तालयाचा विषय निघाला. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे २००९ पासूनचं भिजत घोंगडं. अहमदपूरपर्यंत सहज पुरतं. आवाज चढले तसा मामांनी लॅपटॉप उघडला. संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला तीन-तीन बाइट लागतात, हे त्यांनी आधी सगळ्यांना नीट समजावलं. मग निकाल दिला: लातूर १५, नांदेड १८.

"अनुस्वाराचे तीन काढा," लातूरकर कडाडला. "फुकटचे हायेत ते!"

"काढले तर पंधरा-पंधरा," मामा म्हणाले. "पण कामून काढू? तारेवरून जातेत ना?"

माळाकोळीपर्यंत अनुस्वारावरून रण माजलं. मागच्या सीटवर एक गृहस्थ इतका वेळ बोटांची पेरं मोजत गप्प बसले होते. ते पुढं वाकले.

"मामा, हिंगोलीचे किती होतेत?"

मामांनी टाइप केलं, मोजलं, पुन्हा मोजलं. "एकवीस," ते नाइलाजानं म्हणाले.

"मग हिंगोलीला ठेवा की," गृहस्थ म्हणाले आणि खिडकीची काच सरकवून बाहेर थुंकले.