पहिली बादली

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, एक काळा फळा आहे. त्यावर लिहिण्याचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे मी सोसायटीचा सचिव आहे. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. सभेत अध्यक्षांनी 'वेळ कुणाला आहे?' असं विचारलं, मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

नोकरीत बत्तीस वर्षं मी पत्रांचे मसुदे केले. माझ्या पेनातून शाईच्या आधी 'उपरोक्त विषयास अनुसरून' उतरतं. त्यामुळे पाण्याची लाइन सोडणाऱ्या चावीवाल्यानं पहिल्यांदा मला फाटकाशी गाठून 'साहेब, मंगळवारी लाइन बंद हाय, बुधवारी सोडतील' असं सांगितलं, तेव्हा मी त्याचं रीतसर मराठीत भाषांतर केलं. 'सर्व सन्माननीय सभासदांस याद्वारे सूचित करण्यात येते की, जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामास्तव मंगळवार रोजी इमारतीचा पाणीपुरवठा पूर्णतः खंडित ठेवण्यात येणार असून, सभासदांनी आवश्यक तो जलसाठा करून सहकार्य करावे.' भोवती चौकट आखली. 'पूर्णतः'खाली लाल खडूनं रेघ मारली. येता-जाता लोक थांबत होते, मान वर करून बघत होते, मी गॅलरीतून त्यांना बघत होतो.

मंगळवारी सकाळी साडेदहाला अर्ध्या इमारतीच्या डोक्याला साबण होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या रागावल्या नाहीत. मी साठी ओलांडलेला आणि त्या ऐंशी, तरी सगळी इमारत त्यांना काकूच म्हणते. 'फळा वाचला नाहीत का काकू?' असं मी विचारलं. 'पाहिला की,' त्या म्हणाल्या. 'अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं. पण शेवटी सहकार्य करावे दिसलं, म्हटलं वर्गणी आली.'

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्हा मुंबईतल्या देवनारकरांना प्रत्येक गोष्टीची दोन नावं पाठ ठेवायची सवय आहे, एक पाटीवरचं आणि एक तोंडातलं. बसवर 'देवनार आगार' लिहिलेलं असतं आणि कंडक्टर 'चला डेपो, डेपो' म्हणून ओरडतो. (आमची आई कोकणातली. आगार म्हटलं की तिला नारळी-पोफळी दिसायच्या. लग्न होऊन इथं आल्यावर पहिल्यांदा तिनं ती पाटी वाचली तेव्हा तिला बरं वाटलं होतं म्हणे, बस तिथं पोचेपर्यंत.) वांद्र्याहून १९७१ साली इथं आलेल्या कत्तलखान्याचं कागदावरचं नाव पशुवधगृह. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४पासून इथं आहे, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून पाहा, तो मीटर न टाकता विचार करत बसेल. 'टिस' म्हणा, पोचलात.

आणि डंपिंग. सन १९२७पासून मुंबईचा कचरा आमच्याकडे येतोय. जानेवारी २०१६मध्ये तिथं मोठी आग लागली तेव्हा कित्येक दिवस धूर हटेना. उपग्रहांनी वरून काढलेल्या फोटोंतही तो दिसला. खाली आम्ही खिडक्या लावून खोकत होतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रात रोज एक शब्द छापून यायचा, 'क्षेपणभूमी'. माझा भाचा तेव्हा पाचवीत होता. त्याला क्षेपणास्त्र माहीत होतं. 'मामा, तुमच्या मागून रॉकेट उडवतात?' त्यानं फोनवर विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

मी काही संस्कृत शब्दांवर दात धरून नाही. तसा धरणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. राज्य झाल्यावर सरकारनं अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांसाठी पदनाम कोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं होतं. पण महापौर आणि दिनांक हे सावरकरांनी रुळवलेले शब्द आता कुणालाच टोचत नाहीत. वापरून वापरून शब्दाच्या कडा झिजतात, नव्या चपलेसारख्या. ज्या चपला कुणी घालतच नाही त्या मात्र कपाटात तशाच कडक राहतात. क्षेपणभूमी अजून कपाटात आहे.

असो. साबणाच्या प्रकरणानंतर मी ठरवलं, आता सोपं लिहायचं. पुढच्या खेपेला चावीवाला आला आणि मी त्याच्यापुढेही एक पाऊल गेलो. फळ्यावर फक्त तीन शब्द लिहिले, 'उद्या पाणी नाही.' वितभर उंचीची अक्षरं. चौकट नाही, सन्माननीय नाही. लिहून मी दोन पावलं मागे सरलो आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

सोमवारी लिहिलं. मंगळवारी खरंच पाणी आलं नाही आणि सगळ्यांकडे भरलेलं होतं. बुधवारी पाणी आलं, पण फळा कोण पुसतो? तो म्हणत राहिला, उद्या पाणी नाही. लोकांनी पुन्हा भरलं. गुरुवारीही तेच. काकूंच्या घरात तोवर पिंप, दोन कळश्या, कुकर आणि पितळी घंगाळ भरून झालं होतं. शुक्रवारी त्या काठी टेकत खाली आल्या. 'अहो, तुमचा हा उद्या येणार कधी?'

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सोपं आणि स्पष्ट या दोन सख्ख्या बहिणी नसून शेजारणी आहेत. येणं-जाणं असतं, पण घरं वेगळी. माझं एक वाक्य अवघड होतं म्हणून कुणाला कळलं नाही आणि दुसरं सगळ्यांना कळलं, पण चुकीचं.

आमच्यापासून जवळच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ते १९७४ साली सुरू केलं. तिथले भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर काम केलं. मुलं विज्ञानात अडतात असं सगळे समजत होते. यांच्या लक्षात आलं की मुलं बऱ्याचदा पुस्तकाच्या मराठीत अडतात. विज्ञानापर्यंत पोचतच नाहीत. मग त्यांनी विज्ञानाचे धडे सोप्या भाषेत पुन्हा लिहिले. धड्यातला मजकूर तोच, फक्त भाषा मुलांच्या जवळची. आणि मुलांना समजू लागलं. 'उष्णतेमुळे पदार्थाचे प्रसरण होते' हे वाक्य मी लहानपणी दहा वेळा लिहून पाठ केलंय. प्रसरण हा कुठला तरी सण असावा असं मला तेव्हा वाटायचं. बाटलीचं घट्ट झाकण आई गरम पाण्यात धरून सैल करते, हेच ते, असं कुणी सांगितलं असतं तर मी आज कदाचित भाभा अणुसंशोधन केंद्रात असतो. (बायको म्हणते, नसतो.)

या कामात मला मोठं वाटतं ते हे, की त्यांनी मजकुरातून काही गाळलं नाही. लोक सोपं लिहायला बसतात आणि अर्धं सामान रस्त्यातच टाकून येतात. मी तारीख टाकून आलो होतो.

तारीख का टाकली, याचा मी बराच विचार केला. रिकामा वेळ असतो. लक्षात आलं की सोपं लिहिताना माझं लक्ष माझ्या सोपेपणाकडे होतं. आधीच्या वेळी मी 'बघा मला किती मराठी येतं' म्हणत होतो, या वेळी 'बघा मी किती साधा आहे' म्हणत होतो. फळ्यासमोर हातात पिशवी घेऊन, चष्मा घरी विसरून, जिना चढायच्या विचारात असलेलं माणूस दोन्ही वेळा मला दिसलं नव्हतं.

मराठीत ही दृष्टी फार जुनी आहे, मीच बत्तीस वर्षं तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. चक्रधरस्वामींच्या मागे महानुभाव पंथ नागदेवाचार्यांनी सांभाळला. पंथातले विद्वान त्यांच्याशी संस्कृतात बोलू लागले तेव्हा ते म्हणाले, मला ते तुमचं कळत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितलंय, मराठीत विचारा. केशिराजबास संस्कृतात ग्रंथ रचायला निघाले तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण काय दिलं? धर्म नाही, तत्त्व नाही. अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं सांगितलं. सातशे वर्षांपूर्वी एका माणसानं लिहिणाऱ्यापुढे थेट म्हाताऱ्या आणून बसवल्या, पंथातल्या, खऱ्या, ऐकायला आलेल्या.

विनोबांपुढे त्यांची आई होती. गीता संस्कृतात कळत नाही म्हणून तिनं मराठी मागितली. मिळालेलं भाषांतरही तिला जड गेलं, तेव्हा ती मुलाला म्हणाली, तूच कर की. ती १९१८ साली गेली. विनोबा १९३०च्या ऑक्टोबरात लिहायला बसले, चार महिन्यांत काम पुरं केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गीताई'. वाचणारी जगात उरली नव्हती तरी तिच्यासाठीच लिहिलं. म्हणून तर लाखो दुसऱ्यांना ते कळलं. सगळ्यांसाठी लिहायला बसलं की कुणालाच हाक ऐकू जात नाही. 'अहो ऐकलंत का' म्हणून ओरडलं की रस्त्यावरचं कुणीही वळत नाही, तसं.

माझ्यापुढे काकू होत्या. सोय म्हणजे, हयात होत्या आणि दुसऱ्या मजल्यावर होत्या.

परवा चावीवाला पुन्हा आला. 'साहेब, मंगळवारी लाइन बंद.' मी खिशातून वही काढली. किती वाजता? तो माझ्याकडे बघतच राहिला. चार वर्षांत मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं. मला तेव्हा गंमत कळली. 'पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येणार आहे' असं लिहिताना काहीच माहीत असावं लागत नाही. कोण ठेवणार, केव्हा, पुन्हा कोण सोडणार, काही नाही. 'ठेवण्यात येणार आहे' या तीन शब्दांच्या आडोशाला माणूस निवृत्त होईपर्यंत बसू शकतो, मी बसलो होतो. साधं वाक्य लिहायचं तर आधी चौकशी करावी लागते.

तर चावीवाल्यानं सांगितलं. सकाळी दहाला बंद. बुधवारी सकाळी दहाला सोडणार, पण सोडलं म्हणजे लगेच आलं असं नसतं. टेकडीवरची टाकी आधी भरते, मग सखल भागातल्या चाळींना जातं, मग आपल्याकडे, तेही बारीक धारेनं. आपली खालची टाकी भरून पंपानं वर चढवेपर्यंत दुपारचे दोन तरी. एवढं ज्ञान या माणसाकडे गोळा झालेलं होतं आणि मी त्याच्याकडून फक्त 'लाइन बंद' एवढंच घेऊन जिना चढत होतो. निघताना तो म्हणाला, 'पाणी आलं की पुसून टाका साहेब. मागच्या टायमाला लोक मला शिव्या घालत होते.'

मी लिहिलं:

'मंगळवार ११ तारखेला सकाळी १० वाजता पाणी बंद होईल.
बुधवार १२ तारखेला दुपारी २ नंतर येईल.
सोमवारी रात्रीच भरून ठेवा.'

बत्तीस वर्षांच्या सवयीनं हात 'कळावे' लिहायला पुढे गेला होता, मी तो खिशात घातला. अक्षर या वेळी काही खास आलं नाही. खडू संपत आला होता.

काकू देवळातून आल्या. फळ्यासमोर थांबल्या. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा उभा. त्यांनी बोट ठेवून ओळन् ओळ वाचली. मान हलवली. मग वळल्या.

'येईल ते गढूळ येईल ना पण?'

'हो, पहिल्यांदा थोडं गढूळ येतं.'

'मग लिहा की. वरच्या मजल्यावर ती नवी जोडी आलीय, तिला काय माहीत. तान्हं आहे घरात.'

'पाणी गाळून व उकळून प्यावे असं लिहू?'

'उकळतील हो नंतर. आधी पहिली बादली झाडांना घाला म्हणावं.'

जागा उरली नव्हती. 'सचिव' या शब्दाच्या खाली, फळ्याच्या लाकडी पट्टीला चिकटून, मी तिरकं लिहिलं, 'पहिली बादली झाडांना.' काकूंनी तेही वाचलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. दुसऱ्या मजल्यापर्यंत न्यायची होती.