दोन नथींची एक नथ

सदाशिव पेठेत दर दोन गल्ल्यांआड असे एक काका सापडतात. स्कूटर गिअरची, घड्याळ चावीचं आणि गळ्यात स्वतःहून काहीही न करणारा कॅमेरा. आमच्या सोसायटीतले काका निवृत्त झाले त्या वर्षी जुन्या बाजारातून झॉर्की-४ घेऊन आले. १९५६ ते १९७३ या काळात मॉस्कोजवळच्या कारखान्यात बनलेला रशियन रेंजफाइंडर. त्यात सेल नाही, मीटर नाही, "आणि अक्कल नाही," असं काकू म्हणतात. काका म्हणतात, "बरोबर. ती आपली घालायची असते."

या कॅमेऱ्याचं सोवळंही कडक. आधी चावी फिरवायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलंत तर यंत्र बिघडतं. जर्मन लायका कॅमेऱ्याचं नाव काका हात जोडून घेतात. १९५४ चा एम-३ म्हणजे त्यांचं सत्ययुग. १९८४ च्या एम-६ मधला मीटर त्यांनी चालवून घेतला: "सल्ला देतो, हात घालत नाही." पण २००२ च्या एम-७ ने शटरचा वेग स्वतः ठरवायला सुरुवात केली आणि काकांच्या लेखी जर्मनीत धर्म बुडाला.

उजेड ते डोळ्यांनी मोजतात. चारशेचा रोल असेल तर कडक उन्हात एफ सोळा आणि पाचशे, ढगाआड अकरा, वाड्याच्या सावलीत चार. हा परवचा त्यांना कुठेही सुचतो. काकू गच्चीत पापड घालत होत्या तेव्हा हे आभाळाकडे बघून "अकरा" म्हणाले. काकूंनी पापड मोजले, चौदा होते.

माझ्या बहिणीच्या लग्नात फोटो काढायला काका आपणहून उभे राहिले. रेंजफाइंडरमध्ये बघितलं की मधल्या ठिपक्यात सगळं दुहेरी दिसतं. नवरीच्या नाकात दोन नथी दिसत होत्या. कडं फिरवत फिरवत त्या दोन्हींची एक नथ झाली की फोकस झाला. ती झाली, काकांनी समाधानाने श्वास सोडला, तोवर जोडपं सप्तपदीला पोचलं होतं.

काकांच्या वेगाला झेपेल असा पुण्यात एकच विषय आहे : विसर्जनाची मिरवणूक. ती २४ तासांहून जास्त चालते आणि एकेका चौकात घटकाघटका थांबते. गेल्या वर्षी ते बेलबाग चौकात ठाण मांडून बसले. ढोल, ध्वज, मानाचे गणपती, एका रोलचे छत्तीसच्या छत्तीस फोटो घेतले. रोल धुऊन आला तो कोरा. गुलाल जाऊ नये म्हणून त्यांनी भिंगावर झाकण लावलं होतं, आणि रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. आत सगळं लख्ख दिसत होतं.

"ऑटोमॅटिक असता तर अडला असता, काका," मी म्हणालो.

"तेच तर! मला अडवणारा तो कोण?"

त्या मिरवणुकीचा एकच फोटो त्यांच्या घरी आहे, काकूंनी मोबाइलवर काढलेला. त्यात काका कॅमेरा डोळ्याला लावून कडं फिरवताहेत, आणि झाकण अगदी स्पष्ट आलंय.