रुसलेले व्याही

सप्टेंबर २०२५च्या आशिया चषकात भारत-पाकिस्तान तीनदा खेळले. हस्तांदोलन एकदाही नाही; दुबईत अंतिम सामना पाच गडी राखून जिंकल्यावर भारताने आशियाई क्रिकेट परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष, पाकिस्तानचे मोहसीन नक्वी यांच्या हातून चषकही घेतला नाही.

जळगाव-धुळ्याकडे रुसलेला व्याही मांडवातच पाय ठेवत नाही. आपले खेळाडू मात्र तीनदा पंगतीला बसले, वरण-बट्टी अन् घोटलेली वांग्याची भाजी चापली, वरून तूप मागून घेतलं, आणि हात धुताना म्हणाले, तुमच्याशी बोलणं बंद! (जाहिरातदारांचं बोलणं सगळ्यांशी चालूच होतं.)

३१ जानेवारी १९९९ला चेन्नईत आपण १२ धावांनी हरलो, तरी प्रेक्षकांनी पाकिस्तानी संघासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. खेळायचं नसेल तर नका खेळू ना भाऊ. खेळलात, तर रामराम तरी घाला.