फुकट होतं तेच महाग झालं

बंगळूरला नोकरी लागल्याची बातमी कोल्हापूरच्या एखाद्या घरात आली, की पेढ्यांचा पुडा सुटायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तिकडं लई महाग असतंय म्हणे, परवडंल काय?" मग मोबाइलवर दोन्ही शहरांची तुलना करणारा तक्ता उघडला जातो. तूरडाळ इकडे किती, तिकडे किती. तेल, साबण, एका माणसाचं बाहेरचं जेवण. तक्ता सांगतो, बंगळूर अमुक टक्क्यांनी महाग. पगार त्याहून जास्त टक्क्यांनी वाढलेला असतो, सबब माणूस फायद्यात, सबब बॅग भरायला घ्या. या तक्त्यातला एकही आकडा खोटा नसला तरी हिशेब चुकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यात फक्त विकत मिळणाऱ्या वस्तू असतात, आणि पाकीटबंद वस्तू तर आता देशभर जवळपास एकाच भावानं मिळतात. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली कमाल किंमत कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर तीच आणि बंगळूरच्या इंदिरानगरात तीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्याराज्यांतला करांचा फरकही बहुतेक वस्तूंपुरता मिटला. पेट्रोल आणि दारू तेवढी बाहेर राहिली. ज्यांचं घर या दोहोंवर चालतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी मुद्दा असा, की नव्या मुलखात महाग होतात त्या जुन्या गावात फुकट मिळणाऱ्या गोष्टी, आणि त्यांचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

सरकारला विचारावं तर तिथंही उत्तर मिळत नाही. महागाईचा निर्देशांक प्रत्येक राज्यात आधारवर्षाला १०० धरून निघतो. त्या राज्यात तेव्हापासून भाव किती चढले एवढंच तो सांगतो. कर्नाटक महाग की महाराष्ट्र, हे त्यावरून ठरवणं म्हणजे कोण किती वाढला यावरून कोण उंच ते ठरवण्यासारखं आहे. घरभाडे भत्त्यासाठी केंद्र सरकारनं शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग केलेत. बंगळूर एक्समध्ये, कोल्हापूर वायमध्ये. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात २०२४ पासून पहिल्याला मूळ पगाराच्या ३० टक्के, दुसऱ्याला २०. पण हे वर्ग घरभाड्यावरून पाडलेलेच नाहीत, लोकसंख्येवरून पाडलेत: ५० लाखांच्या वर एक्स, ५ लाखांच्या वर वाय. म्हणजे शेजारी जितके जास्त तितकं घर महाग, असा सरळ न्याय. त्यातून मुंबई आणि पुणे एकाच वर्गात बसतात, हे ऐकून मुंबईकराला हसू येतं आणि पुणेकराला ते योग्यच वाटतं. गंमत पुढं आहे. पगार देताना जे बंगळूर पहिल्या वर्गाचं, तेच घरभाड्यावरची करसवलत मोजताना वर्षानुवर्षं महानगर नव्हतं. तो मान मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चौघांचा होता.

भाड्याचा आकडा मात्र तक्त्यात असतो, हे कबूल करायला हवं. पण तोही अर्धाच. बंगळूरला भाड्याच्या दहापट अनामत घ्यायची जुनी रीत आहे. अलीकडे काही मालक पाच-सहा महिन्यांवर येतात आणि त्याला उपकार म्हणतात. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवा असं सुचवलं. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि नावातच आदर्श असल्यामुळे मालकांनी त्याच्याकडे आदरानं लांबूनच पाहिलं. समजा भाडं ३०,००० आहे. दहा महिन्यांची अनामत ३ लाख. ती बँकेत असती तर सात टक्क्यांनी वर्षाला २१,००० व्याज आलं असतं, म्हणजे महिना १,७५०. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायचीही पद्धत आहे. दोन वर्षं राहिलात तर ते महिना १,२५० पडले. तेव्हा ३०,००० चं घर ३३,००० ला पडतं. यातले ३,००० कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत, आणि म्हणूनच माणसाला महिनाअखेरीला पैसे कुठं गेले ते कळत नाही.

आता खरा रकाना. कोल्हापुरात सकाळी डबा भरून मिळतो. तो भरणाऱ्या बाईचा पगार कुणी विचारलेला नसतो. उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून येते, मिरच्या मामाच्या शेतातल्या. गावाकडून तांदळाचं पोतं, शेंगा, गुळाची ढेप. मूल शाळेतून आलं की आजीकडे, आजी देवळात गेली असेल तर शेजारच्या काकूंकडे. नळ गळला तर येणारा माणूस चुलत्याच्या वर्गातला, तो चहावर भागतो. डॉक्टर फोनवरच गोळी सांगतात. दुकानदार वहीत मांडून ठेवतो. ते बिनव्याजी कर्ज आहे हे दोघांनाही सुचलेलं नसतं. गाडी दारात उभी राहते, आणि गावाच्या या टोकापासून त्या टोकाला जाताना कुणी वेळेचा हिशेब करत नाही. बंगळुरात यातली प्रत्येक गोष्ट मिळते, आणि प्रत्येकीचं बिल येतं: स्वयंपाकाची बाई, पाळणाघर, ॲपवरून बोलावलेला प्लंबर आणि त्याच्या नुसत्या येण्याची फी, पार्किंग. तीच चटणी सुबक बरणीत घालून, वर 'अस्सल घरगुती' असं लिहून, दहा मिनिटांत दारात येते. भाव बघितला की मामाच्या शेताची पहिल्यांदाच खरी किंमत कळते. सिल्क बोर्डच्या चौकातल्या वाहतूककोंडीत जाणारा वेळ तर अजून कुणी बिलात लावलेला नाही, एवढंच नशीब.

यावर एक आक्षेप जोरदार आहे, आणि तो बहुधा डबा भरणाऱ्या बाईकडूनच येईल: फुकट कसलं? माझे कष्ट मोजले नाहीत म्हणून ते फुकट होत नाहीत. अगदी खरं. चहावर काम करणाऱ्याच्या पोरीच्या लग्नात आहेर करावा लागतो, मामाच्या पोताभर तांदळाच्या बदल्यात मामाचा मुलगा कॉलेजसाठी तीन वर्षं घरी राहतो, आणि काकूंचा सल्ला मागावा न लागता मिळत राहतो. गावातलं फुकट म्हणजे लांबच्या मुदतीची उधारी, हे मान्य केलं तर माझा मुद्दा उलट बळकट होतो. कारण गाव सोडताना ही उधारी काही मिटत नाही. सेवा तेवढी बंद होते आणि हप्ते चालू राहतात. आहेर द्यायचाच, वर दिवाळीच्या गर्दीत दुपटीनं महागलेल्या खाजगी बसचं भाडंही भरायचं.

दुसरा आक्षेप सोपा आणि थोडा बोचरा: बंगळुरात राहून कोल्हापूर कशाला शोधता? याला माझ्याकडे फारसं उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. दर्शिनी हॉटेलात उभ्यानं इडली-वडा खाणारा, एका कॉफीचे दोन पेले करून 'बाय टू' घेणारा, नंदिनीचं दूध आणि सोना मसुरी घरी आणणारा माणूस त्याच पगारात त्याच गल्लीत सुखानं राहतो. मिसळीसाठी मॉलमध्ये जाणारा कर्जात जातो. आणि नीट शोधलं तर ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी आणि शेंगाचटणी देणाऱ्या उत्तर कर्नाटकी खानावळी तिथं आहेतच. धारवाडकडच्या माणसानं ते ताट केव्हाच शोधून काढलेलं असतं. त्याला नुसतं 'रोट्टी' म्हणता येतं, एवढाच आपल्यात आणि त्याच्यात फरक. म्हणजे बंगळूर महाग आहे हे विधान अर्धवट आहे. कुणाला महाग, आणि येऊन किती दिवस झालेत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. चार कन्नड वाक्यं आली की रिक्षावाला मीटरवर येतोच असं नाही, पण आकडा तरी उतरतो.

नवखेपणाचा हा कर सरकारदरबारीही आहे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा क्रमांक आणि नव्या राज्याचा रस्ताकर भरायचा. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागायचा तर जुन्याच राज्याच्या खिडकीवर. २०२१ मध्ये आलेली बीएच मालिका खाजगी नोकरदाराला मिळते, पण कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत हवीत. कर्नाटकात जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास महिलांना मोफत आहे, मात्र ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला लागतो. महाराष्ट्रात एसटीनं निम्म्या तिकिटात फिरणारी बाई बंगळुरात आली की, शेजारीण फुकट बसलेली असताना, पूर्ण तिकीट काढते.

तेव्हा बंगळूरच्या नोकरीचं पत्र हातात असलेल्यांना एवढंच सांगणं, की पगाराची बोलणी करताना डाळ-तांदळाचे भाव पाठ करून जाऊ नका. घरात आज कोणकोणती कामं बिनपैशानं होतात त्यांची यादी करा, पाळणाघराचा आणि स्वयंपाकाच्या बाईचा तिथला दर विचारा, अनामतीवरचं व्याज धरा आणि पहिल्या वर्षाचा आकडा वेगळा मागा. आणि पोचल्या पोचल्या आधारवरचा पत्ता बदलायला टाका.