नक्कल मिळणेबाबत

प्रति,
मा. कारकूनसाहेब (किंवा बाईसाहेब),
अभिलेख विभाग, सुपीरियर कोर्ट,
कॅलिफोर्नियातली एक काउंटी (नाव लिहीत नाही, आपण ओळखालच)

विषय : घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळणेबाबत. स्मरणपत्र चौथे.

सा. न. वि. वि.

मी मुलीचा मामा. तुमच्याकडे या पदाला काही अधिकार आहेत की नाहीत, ठाऊक नाही. आमच्याकडे मुलीला बोहल्यापर्यंत मामा घेऊन जातो, त्यामुळे अंतरपाटाच्या पलीकडे कोण उभं आहे याची चौकशीही त्याच्याच गळ्यात पडते.

भाचीचं दुसरं लग्न जुळतंय. मुलगा बिजवर, तुमच्याच राज्यात नोकरीला. वधूवर सूचक मंडळाकडून आलेल्या माहितीपत्रकात त्याच्या नावापुढे ‘निर्दोष घटस्फोटित’ असं छापलंय. निर्दोष म्हणजे दोष बायकोचा, हा त्याचा आमच्याकडचा रूढ अर्थ. त्या बायकोचं म्हणणं छापायला माहितीपत्रकात रकाना नसतो. तेव्हा म्हटलं, मूळ कागदच बघू. अमेरिकेत घटस्फोटाची फाइल सार्वजनिक असते, कुणीही मागावी, हे ऐकून तर मला भरून आलं.

कारण आमच्याकडे उलटं आहे. हिंदू विवाह कायद्याचं 22 वं कलम म्हणतं, असलं कामकाज बंद दाराआड चालवा आणि त्यातलं काही छापू नका. म्हणून कागद कुणाच्या दृष्टीस पडत नाही आणि हकीकत सोसायटीच्या वॉचमनलाही तोंडपाठ असते. तुमच्याकडे कागद उघडा आणि शेजाऱ्याला गंधवार्ता नाही. मला शेजारी नको होता, कागद हवा होता.

सुरुवात मी दिल्लीच्या सवयीने वॉशिंग्टनपासून केली. तुमच्या संघराज्याच्या न्यायालयांचं ‘पेसर’ नावाचं दप्तर आहे, त्यात खातं उघडलं. तिथं दिवाळखोर चिक्कार सापडले, घटस्फोटित एकही नाही. न्यू जर्सीतला पुतण्या म्हणाला, “काका, नवरा-बायकोच्या भांडणात केंद्र पडत नाही. राज्याला विचारा.” विचारलं. घटस्फोटाची नोंद तुमच्या राज्यात आरोग्य खात्याकडे असते, हे वाचून खात्याच्या निवडीबद्दल आदर वाटला. पण त्यांच्याकडे दाखला मिळतो तो फक्त 1962 पासून जून 1984 पर्यंतच्या घटस्फोटांचा, आणि त्यालाही महिनोन्‌महिने लागतात. मुलाचा जन्म 1986 चा. जन्माआधी काडीमोड झाल्याचं आमच्या गुरुजींनीही कुठल्या पत्रिकेत पाहिलेलं नाही.

मग कळलं, कागद काउंटीत असतो. कुठल्या? तुमच्या राज्यात 58 आहेत. (टेक्ससमध्ये 254 आहेत, त्यामुळे मुलगा टेक्ससचा नाही याबद्दल मी कुलदैवताचे आभार मानले.) लग्न लागलं पुण्यात, संसार थाटला एका काउंटीत, मुलगा आता राहतो दुसरीत, आणि हुकूमनामा झाला तिसरीत. फाइल तिथेच, जिथं हुकूमनामा झाला. हा नियम मला फार जाचक वाटला होता. पुतण्याने नेवाडातल्या रीनो गावाची गोष्ट सांगितली तेव्हा उलगडला. 1931 साली नेवाडाने रहिवासाची अट सहा आठवड्यांवर आणली. मग न्यूयॉर्कच्या बायका आगगाडीने रीनोला यायच्या, सहा आठवडे मुक्काम करायच्या, कोर्टातून मोकळ्या होऊन परतीची गाडी धरायच्या. बाहेर पडल्यावर जवळच्या ट्रकी नदीत अंगठी फेकायची, अशीही आख्यायिका आहे. संसार न्यूयॉर्कला आणि कागद वॉशो काउंटीत! आमच्याकडे मरण काशीला गाठतात, तसं तुमच्याकडे हे.

त्याच न्यूयॉर्कबद्दल ऐकून मात्र मी हबकलो. तिथं घटस्फोट देतं सुप्रीम कोर्ट, आणि सुप्रीम कोर्ट म्हणजे तिथलं सगळ्यात वरचं नव्हे, साधं खालचं कोर्ट. बरं, दिल्यानंतर फाइल 100 वर्षं बंद. पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून कुणाला दाखवत नाहीत. मामाने 100 वर्षं थांबायचं म्हटलं तर भाचीचं वय काय होईल, याचा त्या विधिमंडळाने विचार केलेला दिसत नाही.

आता तुमच्याविषयी. माझा पहिला अर्ज तुम्ही परत पाठवलात, कारण मी तो काउंटी रेकॉर्डरच्या नावे केला होता. त्यांच्याकडे लग्नाचे दाखले असतात, मोडल्याचे कोर्टाच्या क्लर्ककडे. जोडणारी खिडकी वेगळी, तोडणारी वेगळी. एवढी शिस्त आमच्या तहसील कचेरीतही नाही. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं की केस नंबर द्या. नंबर माहीत असता तर बाकीचंही माहीत नसतं का झालं? नंबर नसेल तर दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्ष द्या, आणि शोधाला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर 15 डॉलर शोध फी. दहा मिनिटं! आमच्या अभिलेख कक्षात तेवढ्यात किल्ली कुणाकडे आहे हेही ठरत नाही. नावाचं म्हणाल, तर मुलाचं आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात आणि मधलं नाव वडिलांचं. तुमच्या यादीत वडिलांचाच घटस्फोट झालेला दिसेल, या भीतीने मी रात्रभर झोपलो नाही.

तिसऱ्या खेपेला मी विचारलं, सार्वजनिकच आहे तर संगणकावर का दिसत नाही? तुम्ही नियमच धाडलात : कौटुंबिक खटल्यांतले कागद घरबसल्या दाखवायचे नाहीत, कोर्टात येऊन तिथल्या पडद्यावर बघावेत. घरून दिसते ती फक्त तारीखवार नोंद. म्हणजे फाइल सार्वजनिक आहे, यायचं तेवढं आपण. पुण्याहून.

तिथंच राहणाऱ्या एका स्नेह्याला धाडलं. त्याने पडद्यावर फाइल पाहिली आणि फोनवर वाचून दाखवली. मी वही-पेन घेऊन बसलो होतो : मारझोड, दारू, सासू, काय असेल ते लिहून घ्यायला. कारण काय दिलंय? न मिटणारे मतभेद. पुढे? पुढे काही नाही, छापील चौकटीत एक खूण. कॅलिफोर्नियात 1970 पासून दोष सिद्ध करावाच लागत नाही म्हणे. त्या कायद्यावर 1969 मध्ये सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, जे स्वतः 1949 पासून घटस्फोटित होते आणि पुढे तुमचे पहिले घटस्फोटित राष्ट्राध्यक्ष झाले. साहेब, तुमच्या अख्ख्या राज्यात अर्धं शतक सगळेच निर्दोष घटस्फोटित! आमच्या वधूवर मंडळाने हे वाचलं तर नोंदणी फी दुप्पट करतील.

तरी नक्कल हवीच. स्नेह्याने पानाला 50 सेंट भरून साधी प्रत आणलीये, ती मला नको. 1991 साली आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक कागद आला होता, मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीचा. लग्न तिरुपतीला लागलेलं, हुकूमनामा तिकडचा, नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं. न्यायालयाने तो हुकूमनामा मानला नाही, आणि हुकूमनाम्याची नुसती झेरॉक्स पुराव्यात चालत नाही हेही सुनावलं. तेव्हा शिक्का उठावदार हवा, शिवाय त्यावर तुमच्या राज्याच्या सचिवांचा अपोस्टिल हवा, आणि वैवाहिक स्थिती नेमकी कुठल्या तारखेला संपली ती तारीख स्वच्छ दिसायला हवी. अर्ज दाखल झाल्याची तारीख चालणार नाही. एवढं सगळं लिहून हा चौथा कागद मी टंकून ठेवला होता.

काल भाची आली. टेबलावरचा हा मजकूर वाचला. मग तिने मोबाइलमधून एक फाइल उघडून माझ्यापुढे धरली : सहा पानं, शिक्का, अपोस्टिल, तारीख. मुलाने पहिल्या भेटीनंतर आठवड्यातच पाठवली होती. “पक्षकाराकडे स्वतःची नक्कल असते, मामा. मी मागितली, त्याने दिली.” मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तू मला कुठे विचारलंस?” आणि चहा ओतता ओतता, “त्याच्या मामाने माझी फाइल मागितली तर देशील?”

भाचीची फाइल इथल्या कौटुंबिक न्यायालयात आहे. मी ती वाचलेली आहे. 22 वं कलम किती चांगलं आहे, हे मी तिला सांगू लागलो, पण तोवर ती बशीत बिस्किटं काढायला आत गेली होती.

तरी माझे सर्व अर्ज रद्द समजावेत. शोध फीचा चेक स्नेह्याच्या बँकेचा होता, तो फाडून टाकावा. तुमच्या नियमाप्रमाणे परतीचा पत्ता लिहून, तिकिटं लावून जोडलेलं पाकीट तुमच्याकडेच आहे. त्यावर मी आपली इथलीच तिकिटं लावली होती; ती तिकडे चालत नाहीत हे पुतण्याने आता सांगितलं. कोरी आहेत, शिक्का पडलेला नाही. वाफेवर धरली तर सुटतील. तुमच्या खिडकीवर कुणाचं पोर तिकिटं जमवत असेल तर त्याला द्यावीत.

आपला,
मुलीचा मामा
पुणे