विलीनीकरणग्रस्त अण्णा

निवृत्त, नीटनेटके आणि ‘लाँग टर्म’वर गाढ श्रद्धा असलेले एक अण्णा प्रत्येक सोसायटीत असतात. सेन्सेक्स हजार अंकांनी आपटला तरी त्यांचा चहा गार होत नाही. पण ‘प्रिय युनिटधारक’ अशा मायन्याचं पत्र आलं, की बीपीची गोळी शोधावी लागते.

‘मी कधी कंपनी बदलली नाही, कंपन्याच मला विकतात!’ ही त्यांची तक्रार. खोटी म्हणता येत नाही. 1994 साली मॉर्गन स्टॅनलीच्या म्युच्युअल फंडाचे फॉर्म काळ्या बाजारात विकले जात होते, तेव्हा अण्णा रांगेत उभे होते. सगळं एकाच घरी नको, म्हणून पुढे झुरिचचा प्रुडन्स फंड घेतला. 2003 साली झुरिच एचडीएफसीकडे गेलं आणि 2014 साली मॉर्गन स्टॅनलीही तिथंच. तरी जोखीम विभागायची जिद्द सुटेना. थोडे चोलामंडलममध्ये टाकले, थोडे फिडेलिटीत. एलअँडटीनं 2010 साली एक घेतलं, 2012 साली दुसरं. 2022 साली ते सगळंच एचएसबीसीनं उचललं. चार घरी वाटलेला पैसा अण्णांनी बोटही न हलवता दोन घरी येऊन बसला.

फंडांना ते अजून माहेरच्याच नावानं हाक मारतात. ‘आमचा प्रुडन्स’ म्हणजे 2018 पासूनचा बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज, हे उमगेपर्यंत काउंटरवरच्या मुलीची जेवणाची सुट्टी संपते.

एक योजना दुसरीत विरघळली, की मग घरात रणकंदन. हजार युनिट होते, एनएव्ही चाळीस. नव्या योजनेची एनएव्ही ऐंशी, म्हणून हाती पाचशे आले. स्टेटमेंट नाकाला लावून अण्णा ओरडले, ‘अगं, निम्मे गेले!’

‘अहो, पण रुपये किती आहेत?’

‘तेवढेच. पण युनिट?’

काकूंनी कुकर लावला.

विलीनीकरणाच्या पत्रात तीस दिवसांची मुभाही होती: पटत नसेल तर एक्झिट लोड न भरता बाहेर पडा. समोरच्या विंगमधले एक गृहस्थ तावातावानं बाहेर पडले आणि भांडवली नफ्यावर कर भरून आले. काही न करता बसले असते तर? इक्विटी योजना इक्विटीतच विलीन झाली, तर मिळालेले युनिट म्हणजे विक्री धरत नाहीत. खरेदीची जुनी तारीख आणि जुनीच किंमत पुढे चालते. अण्णांना हे कलमासकट पाठ आहे. म्हणूनच ते पत्र आल्या दिवशी एक्झिटचा फॉर्म भरतात, झोकात सही करतात, दोन झेरॉक्स काढतात आणि मूळ प्रत एकतिसाव्या दिवशी फायलीला लावतात.

‘निषेध नोंदवला,’ असं काकूंना सांगतात.