टाचणीवाले काका

मोबाइलचा माइक गेला की ज्याचा जातो त्याला ते सर्वांत शेवटी कळतं. त्याला पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत असतं. पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून रडकुंडीला आलेला असतो आणि हा इकडून "अरे, बोलतोय की!" म्हणून घसा फोडत असतो. मग दोघंही आपापल्या नेटवर्कचा उद्धार करून फोन ठेवतात, पुन्हा लावतात, पुन्हा तेच. शेवटी स्वयंपाकघरातून निकाल येतो, "अहो, तुमचाच बिघडलाय. काकांना दाखवून या."

काका प्रत्येक सोसायटीत असतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडावे लागतात, त्यासाठी सभा घ्यावी लागते आणि सभेला गणसंख्या भरत नाही. काका आपोआप मिळतात. गीझरने शॉक दिला, मिक्सरमधून धूर आला, बेल एकदा वाजायची ती वाजतच राहिली, की कंपनीच्या माणसाआधी काका पोहोचतात; आणि कंपनीचा माणूस येतो तेव्हा वस्तू वर्तमानपत्रावर सुटी करून मांडलेली असते. पण काकांचं खरं कार्यक्षेत्र मोबाइल, आणि मोबाइलमध्येही माइक. बाकीच्या बिघाडांसाठी फोन उघडावा लागतो. माइकला बाहेरूनच भोक असतं. आणि काकांकडे टाचणी असते.

आमचे ठाण्याचे काका टेलिफोनमधले. १९८६ साली एमटीएनएल निघालं तेव्हा ते नोकरीला नुकते चिकटले होते. २०२०च्या जानेवारीत हजारोंनी एकदम स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात तेही सुटले. मधली सगळी वर्षं खांब, केबल आणि काळे फोन यांच्यात गेली. त्यामुळे कुठलाही फोन हातात आला की काका आधी तो तळहातावर दोनदा ठोकतात. बघणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो, पण यामागे शास्त्र आहे. फक्त ते त्या फोनचं आहे, या फोनचं नाही.

काळ्या फोनच्या रिसीव्हरला तोंडाशी भोकाभोकांची टोपी असायची. ती फिरवून काढली की आतली चपटी डबी हातात पडायची. तिच्यात कार्बनचे बारीक कण. आपण बोललो की पडदा थरथरायचा, कण दाबले जायचे, पुन्हा सैल व्हायचे आणि त्या हिशेबाने तारेतला प्रवाह कमी-जास्त व्हायचा. दमट हवेत हे कण एकमेकांना धरून बसायचे आणि आवाज बसायचा. रिसीव्हर आपटला की कण मोकळे, आवाज खणखणीत, तक्रार निकाली. गिऱ्हाइकाला वाटायचं, माणसाच्या हाताला गुण आहे. काकांनाही तेव्हापासून तसंच वाटत आलं आहे.

आताच्या मोबाइलमधला माइक म्हणजे तीन-चार मिलिमीटरची धातूची डबी. तिच्यात सिलिकॉनचा पडदा, तो केसाहून कितीतरी पातळ. ठोकून मोकळं व्हावं असं आत काहीच नाही. शिवाय माइक एकटा नसतो. खालच्या कडेला चार्जिंगच्या खाचेशेजारी एक असतो, तो आपलं बोलणं घेतो. बहुतेक फोनमध्ये वरच्या कडेला किंवा कॅमेऱ्याजवळ दुसरा असतो, तो आजूबाजूचा गोंगाट टिपतो, म्हणजे फोनला तो बोलण्यातून वजा करता येतो. म्हणून कोणता माइक गेला हे घरबसल्या बरंचसं कळतं. रेकॉर्डरमध्ये एक वाक्य बोलायचं आणि ऐकायचं. एक व्हिडिओ काढायचा आणि ऐकायचा. कोणाला तरी स्पीकर लावून फोन करायचा आणि ऐकायचं. व्हिडिओत आवाज नीट, पण साध्या कॉलला पोहोचत नाही, असं निघालं तर वरचा शाबूत आणि दोष खालच्यात. व्हॉट्सअॅपवरच अडतंय आणि बाकी सगळं चालतंय, तर माइक ठणठणीत; व्हॉट्सअॅपची परवानगी तेवढी बघायची. काकांना ही पद्धत मान्य नाही. तिच्यात ऐकावं फार लागतं.

काकांचा दवाखाना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मावतो. त्यात टाचण्या, सेफ्टी पिना, सिम काढायच्या पाच-सहा पिना, जुना टूथब्रश, फेव्हिक्विक, भिंग आणि नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली. सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं आहे. ते न मिळाल्यामुळे, दोन्ही उडून जातात या तत्त्वावर, ते रिमूव्हर वापरतात. त्यात काही फोनच्या पाठीचा रंगही उडून गेला, पण काकांच्या मते तो मुळातच हलका होता.

खरं हत्यार टाचणी. सिमच्या ट्रेचं भोक आणि माइकचं भोक दिसायला सारखीच. सिमच्या भोकात पिन घातली की ते खटकन दाद देतं. माइकचं भोकही दाद देतं, पण एकदाच. काका चष्मा कपाळावर चढवतात, भिंग डोळ्याला लावतात, जीभ दातांत धरतात आणि टाचणी आत घालून हलकेच फिरवतात. मग टोकावर आलेलं काळं काहीतरी फोनच्या मालकाला दाखवतात. "हे बघा. किती कचरा!" मालक शरमतो. ती बऱ्याचदा कचरा आत जाऊ नये म्हणून कंपनीनेच बसवलेली जाळी असते.

फोन भिजलेला असेल तर काका तांदळाकडे वळतात. या विषयात ते कडव्या पंथाचे आहेत. इंद्रायणी चालत नाही, चिकट असतो. बासमती परवडत नाही. जुना कोलम हवा आणि फोन त्यात रात्रभर पुरून ठेवायला हवा. खुद्द अॅपलने २०२४मध्ये लोकांना सांगितलं की बाबांनो, ओला आयफोन तांदळात घालू नका, त्यातले बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. ही बातमी कोणीतरी काकांना वाचून दाखवली. काका म्हणाले, "त्यांच्याकडे कोलम कुठे मिळतो?"

काकांच्या कार्यपद्धतीचा नमुना म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची केस पुरेशी आहे. काकूंच्या सांगलीच्या बहिणीची तक्रार होती की तुझा आवाज फार लांबून येतो आणि मधेच कुकरची शिट्टी मोठ्याने ऐकू येते. "आणि भाऊजी, मलाही फोनमधून तिचं काही ऐकू येत नाही," काकूंनी सांगितलं. यात सगळं निदान होतं. पण काकांचा फोन ठोकून झाला होता आणि डबा उघडला गेला होता.

"वहिनी, माइक चोंदलाय. आधी खात्री करू." काकांनी सांगलीला फोन लावला आणि खालच्या भोकाशी तोंड नेऊन वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात विचारलं, "हॅलो! टेस्टिंग! ऐकू येतंय का?"

फोन गप्प. मात्र स्वयंपाकघरातून, फ्रिजच्या डोक्यावरून, बारीक आवाज आला, "कोण बोलतंय? ताई कुठाय?"

काकांनी फोनकडे पाहिलं, मग फ्रिजकडे. फ्रिजवर, झाकण पालथं घातलेल्या पोळ्यांच्या डब्याशेजारी, मुलाने दिवाळीत दिलेलं घड्याळ पडलं होतं. मनगटावरून कॉल घेता येणारं. काकूंनी ते पहिल्या आठवड्यातच काढून तिथे ठेवलं होतं, पण फोनशी त्याची जोडणी तशीच होती. काकू हॉलमध्ये बोलत आणि त्यांचं बोलणं फ्रिजवरून टिपलं जाई. सांगलीहून बहीण बोले ती पोळ्यांच्या डब्याशी. नववीतल्या नातीने अभ्यासाच्या वहीवरून मान वर केली, फोनचा पडदा वरून खाली ओढला, ब्लूटूथ बंद केलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. फोनमधून बहिणीचा आवाज आला. काकूंचा तिकडे गेला.

"मी तेच म्हणत होतो," काका म्हणाले.

टाचणी मात्र बाहेर काढलेली होती. ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी निघता निघता भोक साफ करून दिलं. संध्याकाळी काकूंचा माइक खरोखरच गेला.

अशा सगळ्या केसेस शेवटी स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका जिन्याखाली जातात. तिथे दुकान आहे. आत दोन माणसं शिरली तर तिसऱ्याला फुटपाथवर थांबावं लागतं. पुढे कव्हरांच्या माळा, मागे काचेच्या गोल दिव्याखाली वाकलेला विशी-बाविशीतला पोरगा. तो बोलत नाही, हा त्याचा पहिला गुण. फोन हातात घेतो, कव्हर काढतो, रेकॉर्डर लावून "एक-दोन-तीन" म्हणतो आणि कानाशी धरून ऐकतो. निम्म्या वेळा दुखणं इथेच संपतं. स्वस्तातलं कव्हर भोकावर चढून बसलेलं असतं. कव्हर काढलं की आवाज मोकळा. पैसे घेत नाही. दुसरं कव्हर विकतो.

मग तो भोकात बघतो. भिंगाखाली आपल्या घराचा इतिहास दिसतो. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून पोळ्या लाटल्या असतील तर वाळलेली कणीक, देवघरात ठेवत असाल तर उदबत्तीची राख, छातीच्या खिशात ठेवत असाल तर कापडाचे तंतू आणि पावडर. फोन तिरका धरून मऊ ब्रशने तो हे अलगद बाहेरच्या दिशेने झाडतो. आत काहीही खुपसत नाही. एवढ्यानेही भागलं नाही की मान वर न करता विचारतो, "पिन घातली होती?"

गिऱ्हाईक इकडे तिकडे बघतं.

"काकांनी?"

"हो."

मग तो पुढचं काही विचारत नाही. फोनची पाठ गरम करतो, पातळ पट्टी कडेकडेने फिरवून ती सोडवतो, स्क्रू ओळीने चुंबकाच्या पाटीवर लावतो. खाली चार्जिंगच्या खाचेची छोटी पट्टी असते. साध्या फोनमध्ये माइक बहुधा त्या पट्टीवरच असतो. "सब-बोर्ड बदलावा लागेल. अर्ध्या तासाने या." असे बोर्ड तो मुंबईला मनीष मार्केटमधून आणतो आणि काही शंभरांत काम होतं. महागड्या फोनमध्ये माइक मुख्य बोर्डावर बसवलेला असला की गरम हवेची बंदूक निघते आणि आकडाही त्याच मानाने गरम होतो.

या पोराकडे काका अधूनमधून जातात. गेले की पोरगा स्टूल पुढे करतो, चहा मागवतो, "बसा काका" म्हणतो. इतर कोणाला तिथे बसायला मिळत नाही. काका त्याला काळ्या फोनच्या गोष्टी सांगतात, ठोकण्याचं शास्त्र समजावतात. पोरगा काम करता करता "हं, हं" करतो. सोसायटीत काहींना या मानाचं आश्चर्य वाटायचं. त्यांनी दुकानातल्या फोनची भोकं पाहिली नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यात एक साथ आली. काकांनी ज्याला फोन लावावा तो नुसता "हॅलो, हॅलो" करी आणि ठेवून देई. काकांनी अचूक निरीक्षण केलं: या सगळ्यांना ऐकू येत नाही. निष्कर्षही तर्काला धरून होता: या सगळ्यांचे स्पीकर गेले. आपलं बोलणं पलीकडे पोहोचत नाही याला कारणं दोन असू शकतात, बिघाड इकडे किंवा तिकडे. काकांनी आयुष्यभर तक्रारी तिकडच्याच सोडवल्या होत्या. ते डबा घेऊन निघाले. चिटणीसांचा स्पीकर ब्रशने घासला, खजिनदारांचा तांदळात गेला. पहिल्या मजल्यावर एकाने सांगून पाहिलं की मला बाकी सगळ्यांचं ऐकू येतं. काका म्हणाले, "सुरुवातीला असंच वाटतं."

काकांच्या घरी काकूंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाही?" असं कोणीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, "दोनदा सांगितलं."

निकाल लागला तो जिन्याखाली. खजिनदारांचा फोन तांदळातून निघाल्यावर चार्जच होईना, म्हणून काका स्वतः त्यांना घेऊन दुकानात गेले. पोराने खाचेतून चिमट्याने कोलमची कणी काढली, ती कागदावर ठेवली आणि हात पुढे केला. "काका, आता तुमचा द्या. सकाळी तुमचा फोन आला होता. मी हॅलो करत बसलो."

काकांनी फोन दिला. पोराने कव्हर काढलं, एक-दोन-तीन म्हटलं, ऐकलं, भोकात पाहिलं. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. पाठ उघडली, बोर्ड बदलला, सगळे स्क्रू परत लावले आणि स्वतःच्या फोनवर कॉल करून दाखवला. काका म्हणाले, "हॅलो." पोराच्या हातातला फोनही म्हणाला, "हॅलो." काकांनी पाकीट काढलं.

"राहू द्या काका," पोरगा पुढचा फोन उघडत म्हणाला. "वर्षभराचं कमिशन समजा."

खजिनदारांनी हे वाक्य सोसायटीभर पोहोचवलं, पण त्याआधी काकांनी आपलं पोहोचवलं होतं. गेटपाशी वॉचमनला, लिफ्टमध्ये दूधवाल्याला आणि नव्या माइकवरून सांगलीपर्यंत सगळ्यांना ते सांगत होते, "पोरगं गुणी आहे हो. माझ्याकडून एक पैसा घेत नाही. गुरू मानतो."